एका सकाळची दोन पाणी : मालवण किनाऱ्यावरील एका लघुपटाच्या शेवटच्या प्रसंगाचे प्रकरण

या टिपणाचा विषय एका ३८ मिनिटांच्या लघुपटातला शेवटचा प्रसंग आहे. प्रसंगाची पडद्यावरची लांबी साडेचार मिनिटे. तो पूर्ण व्हायला मात्र माघी पौर्णिमेपासून फाल्गुन शुद्ध प्रतिपदेपर्यंतचा पंधरवडा लागला, आणि या पंधरवड्यात ज्या चुका झाल्या त्यांतली पहिली माझी होती. मी या लघुपटाचा ध्वनिमुद्रक. दिग्दर्शन, छायालेखन आणि निर्मिती ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती, आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचे व इतर कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

स्वतःच्या बळावर चित्रपट करणाऱ्याला पैसे कमी पडतात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलेही जाते. याही प्रकरणात पैसे कमीच होते. परंतु काम अडले ते पैशांमुळे नव्हे, तर पाण्यामुळे. म्हणून हे प्रकरण मला नोंदवून ठेवावेसे वाटते.

दिग्दर्शक आणि त्याची वही

दिग्दर्शक मालवण तालुक्यातला. आई बाजारात मासे विकते, आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते. बारावी झाल्यावर तो मुंबईला गेला, मालिकांच्या संकलनाच्या खोल्यांत आठ वर्षे सहायक म्हणून राबला, आणि रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना जाऊन बसू लागला. १९६८ साली सुरू झालेल्या या मंडळाने मुंबईतल्या कितीतरी माणसांना जगभरचा सिनेमा दाखवला आहे, आणि त्यातली काही माणसे पाहून झाल्यावर गप्प बसू शकली नाहीत. हा त्यांपैकी एक. त्याची त्या काळातली वही मी पाहिली आहे. तीत चित्रपटाची गोष्ट कोठेही लिहिलेली नाही. कॅमेरा कोठे उभा होता, माणूस दारातून आत आला तेव्हा तो हलला की नाही, आवाज चित्राच्या आधी आला की नंतर, एवढेच पेन्सिलीने, आगपेटीएवढे चौकोन काढून नोंदवलेले आहे. चित्रपट आवडणे आणि चित्रपट कसा उभा राहिला ते पाहणे या दोन निराळ्या सवयी आहेत. पहिली पुष्कळांना असते.

गावी परतल्यावर पोटापाण्यासाठी त्याने लग्नांचे चित्रीकरण सुरू केले. या कामाकडे सिनेमावाले जरा नाक मुरडून पाहतात, आणि मला ते पटत नाही. मंगलाष्टकांना रिटेक नसतो. अक्षता पडण्याच्या क्षणी आपण कोठे उभे असायला हवे हे आधी ओळखता आले पाहिजे, प्रकाश मिळेल तो घ्यावा लागतो, आणि व्याह्यांमधली धुसफूस चौकटीबाहेर ठेवावी लागते. पुढे रापणीच्या वेळी जे काही निभावले ते या सवयीवर निभावले.

लघुपटाचा नायक दशावतारातला एक स्त्रीपार्टी नट आहे. ज्यांनी दशावतार जत्रेत रात्रभर बसून पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको की, तेथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि संवाद पेटी-मृदंगाच्या साथीने तेथल्या तेथे उभे राहतात. आपला रंग नट आपल्याच हाताने, पेटाऱ्यावर आरसा टेकवून चढवतो. तीस वर्षे रात्री द्रौपदी आणि तारामती होणारा माणूस पहाटे गावी परतून रापणीचा दोर ओढायला उभा राहतो, एवढ्या एका चित्रावरून दिग्दर्शकाला ही गोष्ट सुचली. भूमिका करणारे गृहस्थ खरोखरच दशावतारात स्त्रीपार्ट करतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, म्हणून येथेही मामाच.

वहीत एक पान दादासाहेब फाळके यांच्यावर आहे. १९१३ सालच्या त्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही, आणि अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला फाळक्यांनी उभे केले, हे बहुतेकांना माहीत असते. दिग्दर्शकाला त्याहून जास्त भुरळ पडली होती ती त्याआधीच्या खटाटोपाची. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वाढताना थोडे थोडे करून चित्रित केले. रोपाला घाई करता येत नाही, तेव्हा माणसाने कॅमेऱ्याजवळ थांबायचे. या पानाच्या तळाशी दिग्दर्शकाने फक्त "किती दिवस?" असे लिहून दोन रेघा ओढल्या आहेत.

रापण आणि पौर्णिमा

शेवटचा प्रसंग असा होता. जत्रेतला प्रयोग संपवून मामा पहाटे किनाऱ्यावर येतात. रापण ओढायचे काम चालू असते. भाचा दोरावर त्यांच्या पुढे उभा असतो. घरच्या वाट्याचे जाळे त्याने विकून टाकले आहे आणि ते मामांना सांगायचे आहे. दोर ओढता ओढता, एकमेकांकडे न पाहता, तो ते सांगतो. मामा "कोणाक?" एवढेच विचारतात. जाळे भरून काठाला लागते. संपते.

चित्रीकरणाची जागा मालवणच्या उत्तरेकडची तोंडवळी-तळाशीलची वाळूची पट्टी. एका अंगाला गड नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माड आणि सुरूची झाडे. रापण म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळे सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेऊन दुसरा दोर किनाऱ्यावर आणून देते, आणि मग दोन्हीकडून माणसे मागे मागे चालत जाळे ओढून काढतात. चाळीस-पन्नास माणसे लागतात. जे मिळते त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. ट्रॉलर आणि पर्ससीन (माशांचा थवाच्या थवा वेढून घेणारी) जाळी आल्यापासून किनाऱ्याजवळचा मासा घटला आणि रापणी एकेक करून बंद पडत गेल्या. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध घातले. तोवर बऱ्याच कुटुंबांतली मुले हॉटेलात आणि पर्यटकांच्या बोटींवर लागली होती. भाच्याने जाळे विकणे ही लेखकाची कल्पना म्हणावी एवढी दूरची गोष्ट नाही.

पौर्णिमा निवडण्यामागे दिग्दर्शकाचा एक हिशेब होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. आपल्या किनाऱ्यावर सूर्य डोंगराच्या बाजूने उगवतो. पहाटे समुद्राकडे तोंड केले तर वाळूवर सावली नसलेला, सपाट, थोडा निळसर उजेड असतो, आणि सूर्य सुरूच्या शेंड्यांवर येईपर्यंत तो टिकतो. पौर्णिमेला त्याच वेळी चंद्र समोर समुद्रात मावळत असतो. म्हणजे लांबच्या दृश्यात, ओढणाऱ्या माणसांच्या डोक्यावर, मावळता चंद्र फुकट मिळतो. शिवाय पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने गाज थोडी दबते. दुपारी खारे वारे सुटले की त्याच जागी संवाद मुद्रित करणे अशक्य होते. ही दुसरी सोय माझ्यासाठी होती.

लांबचे दृश्य अप्रतिम मिळाले. सुकती, म्हणजे ओहोटी, नुकतीच संपून पाणी परतू लागले होते, ओल्या वाळूचा साठ-सत्तर पावलांचा पट्टा मोकळा पडला होता, त्यावर माणसांची प्रतिबिंबे होती, आणि चंद्र पाण्यापासून हातभर वर होता. कॅमेरा सुरूच्या झाडांजवळ असल्यामुळे मी बूम (लांब दांड्यावरचा माइक) घेऊन जवळ जाऊ शकत नव्हतो, म्हणून मामांना कॉलर माइक लावून त्याचा ट्रान्समीटर कमरेला बांधला होता. जाळे जवळ आले तेव्हा ते एका बाजूने अडकले. मामा हे नट असले तरी जन्माने रापणकर. हातातला दोर सोडून ते सरळ पाण्यात शिरले आणि कमरभर पाण्यात जाऊन जाळे उचलू लागले. माझ्या कानातला आवाज एकदा खरखरला आणि बंद झाला. ट्रान्समीटर पिशवीत घालून रबर लावण्याचे दहा सेकंदांचे काम मी केले नव्हते. समुद्रात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मला सुचायला हवे होते. सुचले नाही, याला कारण नाही.

दुसरा माइक लावेपर्यंत सूर्य झाडांवर आला, जाळे वाळूवर आले, आणि बायका टोपल्या घेऊन पुढे झाल्या. एकदा ओढलेली रापण पुन्हा ओढून मागता येत नाही. संवाद राहिला, चेहरे राहिले.

सप्तमी

मामांच्या मंडळीचे पुढे सलग प्रयोग होते. मोकळी सकाळ मिळाली ती सातव्या दिवशी, कृष्ण सप्तमीला. जवळची दृश्ये तेवढी घ्यायची असल्याने रापण नको होती. दोराचे दुसरे टोक चौकटीबाहेर सहा मुलांनी धरले. उजेड तोच, जागा तीच, कपडे तेच. या वेळी मी ट्रान्समीटर तर गुंडाळलाच, शिवाय बूमही लावला, आणि वाऱ्यासाठी त्याच्यावर केसाळ टोपी चढवली. आवाज इतका स्वच्छ मिळाला की मामांच्या तळहातावरून सरकणारा ओला दोर ऐकू येत होता. आम्ही खूश होऊन घरी गेलो.

येथे एक आडवाट घेतो, कारण आमचे लक्ष कशात गुंतले होते ते त्यावरून कळेल. आदल्या महिन्यात जत्रेतल्या प्रयोगाचे चित्रीकरण करताना आम्हाला दिव्यांच्या थरथरीने फार छळले होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० चे शटर ठेवले की ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात येत नाहीत, हे दिग्दर्शकाला लग्नांमुळे पाठ होते. परंतु जत्रेत वीज जनरेटरची. लाउडस्पीकरचा आणि हॅलोजनचा भार कमीजास्त झाला की जनरेटरची गती हलते आणि राक्षसाच्या प्रवेशाला पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. दोन रात्री वाया गेल्यावर रंगमंचाजवळ बॅटरीवरचे दोन दिवे लपवून तो प्रश्न सुटला. तेव्हापासून आम्ही सगळे शटर, वीज, माइक यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. समुद्राकडे कोणीच पाहत नव्हते. तो आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरामागेच होता.

आईचा प्रश्न

कच्चे संकलन दिग्दर्शकाने घरी लॅपटॉपवर लावले होते. आई बाजारातून आली होती, हात धुऊन पदराला पुसत मागे उभी राहिली. लांबचे दृश्य झाले, मामांचा चेहरा आला, आणि ती म्हणाली, "हयसर सुकती आसा, आनी हयसर भरती. एकाच सकाळी दोन पाण्यां खयसून इली रे?"

चित्र थांबवून पाहिले. लांबच्या दृश्यात मामांच्या मागे ओल्या वाळूचे मैदान होते. जवळच्या दृश्यात त्यांच्या कानामागे, धूसर असली तरी स्पष्ट, फेसाची पांढरी रेघ येऊन जात होती. पाणी पाच-सहा पावलांवर होते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे. सप्तमीला सात गुणिले पाऊण, म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला भरती. साडेसहाला पाणी अजून वरच असणार. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराला भरती. त्याआधी सहा तासांच्या सुमाराला, म्हणजे पहाटे, सुकती. भरती दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी जे पाणी असते ते त्याच घटकेला पुन्हा दिसायला पंधरवडा लागतो. मुंबईच्या मानाने मालवणकडे भरती-सुकतीतला फरक कमी, आणि सप्तमी-अष्टमीची भांगाची भरती तर उधाणाएवढी चढतही नाही. पण उताराची वाळू असली की उंचीतला थोडासा फरकही लांबीत फार मोठा दिसतो. दिग्दर्शकाच्या आईने हे सारे गणित मनात केलेही नसेल. तिने पाणी पाहिले, बस्स.

चार वाटा

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आणि मुंबईहून फोनवर असलेला एक संकलक मित्र यांची बैठक झाली. वाटा चार होत्या. लांबचे दृश्य काढून टाकायचे. मग चंद्र आणि प्रतिबिंबे जातात, आणि हा प्रसंग कोठे घडतो आहे हेच कळत नाही. संगणकावर मागचे पाणी पुसायचे; मामांचे विरळ केस, उडणारे तुषार आणि हलता दोर यांच्या कडा एकेका चौकटीत कोरायला लागणाऱ्या मजुरीचा आकडा मित्राने सांगितला तेव्हा आम्ही विषय बदलला. तिसरी वाट माझी होती: मध्ये एखादे आकाशाचे दृश्य घालून चेहऱ्यांचा भाग दुसऱ्या दिवसाचा आहे असे भासवायचे. चौथी, पुन्हा चित्रीकरण.

माझ्या वाटेला दिग्दर्शकाने जे उत्तर दिले ते मला त्या वेळी हट्टाचे वाटले. तो म्हणाला की, भाचा ही गोष्ट दोर हातात असतानाच सांगू शकतो, कारण तेव्हा मामांना हात सोडता येत नाही. दिवस बदलला तर ते घरातले भांडण होईल. हे बरोबर होते. मी ध्वनिमुद्रक म्हणून आवाज वाचवायला निघालो होतो, प्रसंग नव्हे.

पुन्हा चित्रीकरण म्हणजे अमावास्येच्या आसपास, जेव्हा पहाटेला पुन्हा सुकती येईल. चंद्र त्या वेळी नसणार, परंतु तो लांबच्या दृश्यात आलेला होता आणि चेहऱ्यांच्या चौकटीत त्याची गरज नव्हती. दिग्दर्शकाने या वेळी रापणही खरीच हवी असे ठरवले: सहा मुलांनी धरलेल्या दोराला वजन नसते आणि ते मामांच्या खांद्यांत दिसत होते. अमावास्येच्या सकाळी रापण टाकाल का, असे त्याने तांडेलाला, म्हणजे रापणीच्या म्होरक्याला, विचारले. तांडेलाने विडी विझवली आणि म्हटले, "मासो आमच्या तारखेर येणा नाय, तो तुझ्या तारखेर खयसून येतलो?"

मोठ्या निर्मितीत या ठिकाणी काय झाले असते ते उघड आहे. पन्नास माणसांची मजुरी भरून, बाजारातून मासे आणून जाळ्यात घालून, ठरलेल्या तारखेला रापण ओढली गेली असती. कारण तेथे प्रकाशयोजनेचे ट्रक, जेवण आणि कलाकारांच्या तारखा रोजच्या रोज पैसा खात असतात आणि थांबणे सर्वांत महाग असते. आमच्याकडे उलट होते. एक कॅमेरा, दोन भिंगे, एक रेकॉर्डर आणि दोन माणसे यांना थांबायला चहाच लागतो. स्वतंत्र चित्रपटकाराला पैसा, कलाकार, वितरण यांपैकी काहीही परवडत नाही. वेळ मात्र त्याला परवडू शकतो, आणि आपल्याजवळ तेवढीच गोष्ट आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण ते मोठ्या निर्मितीचे वेळापत्रक छोट्या खिशाने चालवायला जातात. आम्हीही पौर्णिमेपर्यंत तेच केले होते. मामांच्या तारखा, माझ्या तारखा, भाड्याच्या भिंगाच्या तारखा असा तक्ता होता. त्यात तिथीचा रकाना नव्हता.

अर्थात वेळ फुकट नव्हता. माघ-फाल्गुन हे लग्नांचे दिवस. त्या आठवड्यातली दोन लग्ने दिग्दर्शकाने सोडली, आणि त्यांतले एक ज्या घरातले होते त्या घराने त्याला पुढे बारशालाही बोलावले नाही.

अमावास्या, प्रतिपदा

ठरले ते असे: अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या चार पहाटे आम्ही दोघांनी रापणीच्या खोपीत झोपायचे. त्यांत एखाद्या दिवशी रापण पडली तर पडली. नाही पडली तर फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत थांबायचे, म्हणजे शिमग्यापर्यंत. आणि शिमग्यात कोकणात चित्रीकरण करायची भाषा कोणी करू नये.

अडचण होती ती कुणकेश्वरची. महाशिवरात्रीची यात्रा आणि पाठोपाठ अमावास्येला देवस्वाऱ्यांचे तीर्थस्नान, म्हणजे अर्धा किनारा देवगडकडे गेलेला. पंचांगात नसलेल्या अडचणीही इकडे असतात. आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस तर देवीचा कौल घेऊन ठरतो आणि तो जाहीर झाला की जिल्ह्यातल्या गाड्या, खोल्या आणि माणसे सगळी त्या दिवसाची होतात. सुदैवाने त्या वर्षी ती आधीच होऊन गेली होती. कुणकेश्वर मात्र नेमके आमच्या चार दिवसांवर आले. अमावास्येच्या पहाटे किनाऱ्यावर आम्ही दोघे, तीन कुत्री आणि सुंदर सुकती होती. रापण नव्हती.

प्रतिपदेला साडेपाचला तांडेलाच्या मुलाने हाक मारली. होडी निघाली होती. मामांची मंडळी त्या रात्री देवगडकडे प्रयोगाला होती. फोन केला तेव्हा खेळ संपून पेटारा भरणे चालू होते. सव्वासहाच्या पुढे ते कोणाच्या तरी मोटारसायकलीवर मागे बसून आले. अंगात सदरा, खाली लुंगी, डोळे तांबारलेले. खोबरेल लावून रंग पुसला होता, परंतु घाईत. दिग्दर्शकाने मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर धरला. कानाच्या पाळीमागे आणि केसांच्या रेघेला रंगाचा पातळ पिवळट थर राहिला होता, पापण्यांच्या कडेला काजळ होते, आणि हनुवटीखाली, रात्रीच्या घामाने वाट काढली होती तेथे, खरी कातडी दिसत होती. पटकथेत मामा तोंड धुऊन किनाऱ्यावर येतात असे स्पष्ट लिहिलेले होते. मामा खिशातला रुमाल काढू लागले तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "मामा, ऱ्हांवदे."

लांबच्या दृश्याशी हे जुळत नाही हे मी बोलून दाखवले. साठ पावलांवरून कोणाच्या कानामागचा रंग दिसतो, असे त्याने विचारले, आणि ते खरे होते.

सुकती साडेसहाची, उजेड पावणेसातपासून. कॉलर माइक मी लावलाच नाही. एका मुलाच्या हाती बूम देऊन त्याला दोराच्या रांगेतच, मामांच्या मागे दोन माणसे सोडून, मागे मागे चालायला लावले, म्हणजे तो ओढणाऱ्यांपैकीच एक. कॅमेरा हातात. भाच्याने आपले वाक्य पहिल्या वेळी गिळले, कारण खऱ्या दोराला खरे वजन होते आणि त्याला धाप लागली होती. दुसऱ्या वेळी ते धापेतूनच आले. मामांनी "कोणाक?" असे विचारले ते जवळजवळ ऐकू येत नाही. ध्वनिमिश्रणाच्या वेळी तो शब्द वर उचलायचा मोह मला तीन वेळा झाला. तो आहे तसाच ठेवला आहे.

जाळे वर आले आणि त्यात फारसे काही नव्हते. पेडवे, मूठ-दोन मुठी तारल्या, आणि बाकी बुळबुळीत जेलीफिश. पटकथेतले भरून आलेले जाळे नव्हते. दिग्दर्शक कॅमेरा खाली न घेता उभा राहिला. माणसे पेडवे वेगळे करू लागली, मामा उकिडवे बसून जाळ्यातली जेलीफिश काढून मागे फेकू लागले, आणि ज्या हातांनी रात्री निऱ्या सावरल्या होत्या त्या हातांचा नाजूकपणा त्या कामातही थोडा शिल्लक होता. लघुपट आता तेथे संपतो. विकलेल्या जाळ्यात मासा भरून येतो ही मूळ कल्पना कागदावर छान दिसत होती. पडद्यावर ती कनवाळू वाटली असती.

वाटे पडले तेव्हा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मूठभर मिळाले, आणि बूम धरलेल्या मुलालाही, कारण तो रांगेत होता. त्याने तो वाटा आम्हाला दिला. दिग्दर्शकाच्या खर्चाच्या वहीत त्या तारखेला खर्चाच्या बाजूला पेट्रोल आणि चहा आहे, जमेच्या बाजूला "पेडवे, १ वाटा".

त्यानंतर

मिश्रणात मी पौर्णिमेची गाज संपूर्ण प्रसंगाखाली एकसंध पसरली, म्हणजे कानाला तरी सकाळ एकच राहावी. एका महोत्सवाने प्रत सेकंदाला २४ चौकटींची मागितली; आमचे चित्रीकरण २५ चे. चौकटी तशाच ठेवून गती कमी केली तर ३८ मिनिटांचा लघुपट दीड मिनिटाने लांबतो आणि आवाज किंचित खाली उतरतो. मामांचा आवाज त्यामुळे जास्त पुरुषी होत होता, म्हणून स्वर मुद्दाम दुरुस्त करावा लागला. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या कायद्यानुसार लागणारे प्रमाणपत्र काढले. दोन महोत्सवांनी लघुपट नाकारला, एकाने घेतला.

वाडीत तो दाखवला आषाढात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या झावळ्यांखाली शाकारलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली होती, बाहेर पाऊस होता, आणि मी इतक्या कष्टाने सावरलेली गाज पत्र्यावरच्या आवाजात पार बुडून गेली.

एक गोष्ट सांगायची राहिली. संपूर्ण प्रसंग पौर्णिमेच्या आणि प्रतिपदेच्या चित्रीकरणातून जुळवला असला, तरी एक दृश्य अजूनही सप्तमीचे आहे. भाच्याने सांगितल्यानंतरचा मामांचा चेहरा, चार सेकंद. कानामागे फेसाची रेघ येऊन जाते, आणि त्या चेहऱ्यावर रंगाचा थरही नाही. प्रतिपदेचा चेहरा चांगला आहे. सप्तमीच्या चेहऱ्यात मात्र पापणी मिटायला अर्धा क्षण उशीर होतो, आणि दिग्दर्शकाला तो उशीर सोडवला नाही. पंधरवडा थांबून जी चूक दुरुस्त केली तीच हाताने परत आत घातली, असे मी त्याला सुनावले. आमचे यावर अजून एकमत झालेले नाही.

सभामंडपात ती चार सेकंदे आली तेव्हा कोणीही हलले नाही. दिग्दर्शकाची आई पुढच्या रांगेत चटईवर बसली होती. तिने घसा खाकरला.